घाट उतरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या ब्रेकविषयी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीकडे आणि पावसाळा सरता सरता कासच्या पठाराकडे जाणाऱ्या वाहनांकडे पाहिले, तर त्यांत दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या लहान मोटारी पुष्कळ दिसतात. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, अल्टो, जुनी वॅगन आर अशा या गाड्या. कुणी बाबांकडून मिळालेली जपली आहे, तर कुणी पहिलीच गाडी म्हणून सेकंडहँड घेतली आहे. त्यांना नावे ठेवण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. माझ्या दारातही २००४ सालची अशीच एक गाडी उभी आहे आणि ती विकण्याचा माझा विचार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसायाचा निदेशक म्हणून सत्तावीस वर्षे काम केल्यावर आणि गेल्या वर्षी स्वतःच्याच गाडीत एक प्रसंग अनुभवल्यावर मला या गाड्यांच्या ब्रेकविषयी काही सांगायचे आहे, म्हणून आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांचा थोडा वेळ घेतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरत होतो. गाडी जावई चालवीत होते, मी शेजारी होतो, मागे मुलगी आणि नात. धोमचे पाणी दिसू लागते त्या वळणांच्या पुढे आल्यावर जळक्या लायनरचा (ब्रेकच्या घर्षणपट्टीचा) उग्र वास आला. समोरच्या गाडीचा असावा असे मला वाटले. पुढच्या वळणाच्या अलीकडे जावई म्हणाले, "मामा, ब्रेक खाली जातोय." पॅडल खरोखरच फळीला टेकत होते आणि दोन-तीनदा दाबल्यावर कुठे थोडी पकड येत होती. "दुसरा गिअर टाका, गाडी बंद करू नका," एवढेच मी सांगितले. त्यांनी दुसरा आणि मग पहिला गिअर टाकला, मी हँडब्रेक हळूहळू ओढत गेलो आणि डोंगराच्या अंगाला रस्ता जेथे थोडा रुंद होता तेथे गाडी थांबली. उजव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, तर धग लागत होती. नात झोपलेली होती, ती गाडी थांबल्यावर जागी झाली.

त्याआधी दोनच महिने एका गॅरेजने या गाडीचे ब्रेक केले होते. बिलावर 'ब्रेक सर्व्हिस' असे लिहिलेले होते आणि मी ते वाचून समाधान मानले होते. घरी आणून चारही चाके मी स्वतः खोलली. उजव्या कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) दोन सरकत्या पिनांपैकी खालची गंजून इतकी घट्ट बसली होती की ती हातोडीने ठोकून काढावी लागली, आणि तिच्यावर ग्रीसचा मागमूस नव्हता. त्यामुळे आतल्या बाजूचा पॅड झिजून जेमतेम दीड मिलिमीटर उरला होता, तर बाहेरचा सात मिलिमीटर शिल्लक होता. मागच्या डाव्या व्हील सिलिंडरमधून गळती होऊन त्याने ढकलले जाणारे ब्रेक शू (चाकाच्या ड्रमला आतून दाबणारे चाप) ओले झाले होते. पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारे टाकीतले ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखे तपकिरी होते. गॅरेजमध्ये ड्रममधली धूळ हवेने उडवली गेली होती आणि टाकीत थोडे ऑइल वरून ओतले गेले होते, याहून अधिक काही झाल्याची खूण मला सापडली नाही. गाडी ताब्यात घेताना मी चाके उघडून पाहिली नाहीत, हा दोष माझा आहे, आणि त्याची खंत मला अजून आहे.

सपाट रस्त्यावर हीच गाडी दोन महिने तक्रारीशिवाय चालली होती. मग घाटातच असे का झाले, हे समजण्यासाठी थोडा हिशेब पुरतो. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचा फरक आहे. चार माणसे आणि सामान धरून लहान मोटारीचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास होते. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे ५१ लाख ज्यूल भरते, आणि तेवढ्या उष्णतेत १६ लिटर गार पाणी, म्हणजे आंघोळीची एक मोठी बादली, उकळीला येते. यातला काही भाग वारा आणि टायर खातात. इंजिनाला रोखू दिले तर तेही मोठा वाटा उचलते. पण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून केवळ ब्रेकवर उतरवली, तर उरलेली सारी उष्णता काही किलो वजनाच्या दोन डिस्क आणि दोन ड्रम यांच्या माथी जाते, आणि त्यातही मोठा भार पुढच्या डिस्कवर असतो, कारण ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे झुकते.

ही उष्णता दोन प्रकारे घात करते आणि त्यांची लक्षणे वेगळी आहेत. पॅड आणि लायनर अति तापले की त्यांची पकड कमी होते. अशा वेळी पॅडल पायाला कडक लागते, पण गाडी थांबत नाही. ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे धरतात, वाफ दाबली जाते आणि पॅडल खाली जाते. आमच्या बाबतीत हे दुसरे घडले होते.

येथे ब्रेक ऑइलविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू तीच आहे. आपण सवयीने तिला ऑइल म्हणतो, पण ते खनिज तेल नव्हे. ग्लायकॉल वर्गातील तो एक द्रव आहे आणि हवेतली ओल शोषून घेणे हा त्याचा गुणधर्मच आहे. डॉट ३ प्रतीचा द्रव नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत खाली येऊ शकतात. आपल्याकडचा पावसाळा, विशेषतः जावळी-महाबळेश्वर पट्ट्यातला, लक्षात घेता दर दोन वर्षांनी, आणि तोही पावसाळा संपल्यावर, हा द्रव पूर्ण बदलावा असे माझे मत आहे. पूर्ण बदलणे म्हणजे टाकीत वरून ओतणे नव्हे. चारही चाकांच्या ब्लीड निपलमधून (द्रव आणि हवा बाहेर काढण्याच्या तोटीतून) जुना द्रव निघून स्वच्छ द्रव येईपर्यंत आणि हवेचा एकही बुडबुडा उरत नाही तोवर काम करावे लागते. लहान गाडीला त्यासाठी अर्धा ते एक लिटर द्रव लागतो. डॉट ३ ची शिफारस असलेल्या गाडीत डॉट ४ चालतो आणि घाटात फिरणाऱ्याने तोच घालावा. डॉट ५ हा सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे, तो यांच्यात मिसळू नये. नावातल्या 'ऑइल' या शब्दाला फसून कुणी इंजिन ऑइल वा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल टाकीत ओतले, तर मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबल्यावर द्रवात दाब निर्माण करणाऱ्या भागापासून) चाकांपर्यंतची सगळी रबरे फुगतात आणि सगळेच भाग बदलावे लागतात. अशा दोन गाड्या माझ्या नोकरीच्या काळात आमच्या कार्यशाळेत आल्या होत्या.

जुन्या गाडीचे ब्रेक सुधारायचे म्हणजे त्यांवर काहीतरी नवे, मोठे चढवायचे असा तरुणांचा समज असतो. आमच्या शेजारच्या एका मुलाने हौसेने घेतलेल्या जुन्या झेनसाठी भोके पाडलेल्या डिस्क, दुसऱ्या गाडीचा मोठा बूस्टर (पॅडलवरचा पायाचा जोर वाढवणारे साधन) आणि लाल रंगाचे कॅलिपर कव्हर यांचा खर्च काढून मला दाखवला. त्याला मी जे सांगितले तेच येथे लिहितो. ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी तिचे ब्रेक जसे होते, तसे ते प्रथम कर. त्यानंतरही कमी वाटले तर पुढचे बोलू. त्याने ऐकले, आणि पुढचे बोलण्याची वेळ आली नाही.

'जसे होते तसे' करण्यात काय काय येते, हे माझ्याच गाडीवरून सांगतो. पुढच्या डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजली. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो आणि त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून वापरणे म्हणजे ती आणखी पातळ करून अधिक लवकर तापू देणे होय. माझ्या डिस्क त्या आकड्याच्या खाली गेलेल्या होत्या, म्हणून नव्या घातल्या. कॅलिपरच्या पिना आणि त्यांची रबरी टोपणे नवी घातली आणि पिनांना उष्णता सोसणारे ब्रेकचेच ग्रीस लावले, कारण साधे चासी ग्रीस तेथील रबर खराब करते. चाकांजवळचे रबरी होज पाइप बाहेरून बरे दिसत होते, पण वीस वर्षांत ते आतून सुजलेले असतात. दाबाखाली ते फुगले की पॅडल स्पंजासारखे लागते, आणि आतून बुजले तर पाय काढल्यावरही ब्रेक सुटत नाही. तेही बदलले. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर नवे बसवले. नुसते किट (आतली रबरे) बदलून भागते असे पुष्कळ जण सांगतात, पण सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे रबर सहा महिन्यांत फाटते.

मागच्या ड्रमकडे गॅरेजवाल्यांचे लक्ष कमी जाते. तेथे शू आणि ड्रम यांतले अंतर आपोआप भरून काढणारी दातेरी चाकी असते. ती धुळीने व गंजाने अडकली की शू झिजत जातात, अंतर वाढत जाते, पॅडल लांब होते आणि हँडब्रेक सात-आठ टकटक झाल्याशिवाय धरत नाही. मालक मग हँडब्रेकची केबल ताणून घेतो आणि काम झाले असे समजतो. आधी चाकी साफ करून शूंचे अंतर बसवावे आणि केबलला सर्वांत शेवटी हात लावावा. सांगलीकडे २०१९ आणि २०२१ च्या पुरात जी वाहने पाण्यात उभी राहिली, त्यांपैकी एखादी कुणी घेतली असेल, तर ड्रम खोलल्यावाचून तिच्यावर विश्वास ठेवू नये.

या सगळ्याला सुटे भाग आणि मजुरी मिळून मला सहा हजार आठशे रुपये लागले. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावला, मध्ये मध्ये गाडी चालती ठेवून डिस्क थंड होऊ दिल्या, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसले. हे न करता थेट घाटात गेल्यास नवे पॅडही पहिल्याच दिवशी दगा देऊ शकतात.

पुढचे बदल करूच नयेत असे माझे म्हणणे नाही. त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात हवा खेळणारी जाड डिस्क येत असेल आणि ती कॅलिपरसह जशीच्या तशी बसत असेल, तर घाटात नित्य जाणाऱ्याला तिचा खरा उपयोग होतो. चांगल्या प्रतीचे पॅड घेणेही योग्य. मात्र तापल्यावरच पकड देणारे शर्यतीचे पॅड घरगुती गाडीत नकोत, कारण सकाळी घराबाहेर पडताना पहिला ब्रेक थंडच असतो. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल कारखान्याने गाडीच्या वजनावरून ठरवलेला असतो. तो मोडून मागची चाके आधी जाम झाली की गाडीचे शेपूट पुढे येऊ पाहते, आणि ओल्या रस्त्यावर ते सावरणे कठीण असते. शिवाय कारखान्याने दिलेल्या रचनेत मनमानी फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ची मर्यादा आहे.

टायरबद्दल एवढेच सांगतो की गाडी शेवटी टायर थांबवतात. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक दिसत असली तरी दगडासारखा कडक झालेला दहा वर्षांचा टायर काढून टाकावा.

चांगल्या आणि बऱ्यापैकी ब्रेकमध्ये असा कितीसा फरक पडतो, असे मला विचारले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या दोन गाड्यांनी एकाच जागी ब्रेक लावला असे धरू. निरोगी ब्रेक आणि चांगले टायर असलेली गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. जिचा वेग पहिलीच्या सत्तर टक्के जोरानेच कमी होतो, तिला सुमारे साडेअठ्ठावीस मीटर लागतात. साडेआठ मीटर म्हणजे जवळजवळ अडीच मारुती ८०० गाड्यांची लांबी. पण खरा फरक लांबीत नाही. पहिली गाडी ज्या जागी स्थिर उभी राहते, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी सुमारे ३३ किलोमीटर वेगाने जात असते. त्या जागी रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर हा आकडा काय सांगतो हे मी वेगळे लिहीत नाही.

आता चालवण्याविषयी. 'ज्या गिअरमध्ये चढला, त्याच गिअरमध्ये उतरा' हे जुन्या एसटी चालकांचे वाक्य मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आलो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल टाकणारे किंवा चावीच फिरवणारे लोक आजही आहेत. एमपीएफआय इंजिनात (म्हणजे इंधनाचा फवारा संगणकाने नियंत्रित होणाऱ्या इंजिनात) गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा फवारा आपोआप बंद होतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. म्हणजे बचतीचा हिशेबही उलटा आहे. इंजिन बंद केल्यास बूस्टरला मिळणारी निर्वात पोकळी बंद होते, साठलेली पोकळी दोन-तीन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखे होते. बूस्टर ठीक आहे का, हे घरीच पाहता येते. गाडी बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबावे, ते कडक झाले की दाबून धरावे आणि गाडी सुरू करावी. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. दाबून धरलेले पॅडल सावकाश खाली खाली जात राहिले, तर मास्टर सिलिंडरची रबरे गेली आहेत असे समजून गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्यावी.

यापुढचे मागणे शासनाच्या परिवहन विभागाकडे आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते. गाडीच्या धुराची तपासणी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने करावीच लागते, पण तिच्या ब्रेककडे सरकारी नजर जाते ती बहुधा पंधरा वर्षे उलटल्यावरच. दरम्यान ती गाडी दोन मालक बदलून तिसऱ्याच्या हाती आलेली असू शकते. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे. त्याआधीच्या असंख्य लहान गाड्यांत ते नाही आणि नंतर बसवणे व्यवहार्यही नाही. म्हणून या गाड्यांचे साधे ब्रेक तरी धड असणे अधिकच निकडीचे आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांची पकड वेगवेगळी मोजणारी रोलरची यंत्रे वाहन तपासणी केंद्रांत वापरली जातात. तेथे माफक शुल्क घेऊन कुणाही खासगी मालकाला, नूतनीकरणाची वेळ नसतानाही, चाकाचाकाचे आकडे लिहिलेला कागद मिळावा. माझ्या गाडीचा असा कागद त्या मार्चमध्ये निघाला असता, तर उजव्या-डाव्या चाकांतला फरक मला पसरणी घाटात कळण्याची पाळी आली नसती.

गॅरेजचालकांनाही विनंती आहे. त्यांतले कित्येक माझे विद्यार्थी आहेत आणि प्रामाणिकपणे काम करतात. बिलावर नुसते 'ब्रेक सर्व्हिस' न लिहिता पॅडची उरलेली जाडी, द्रवाची प्रत आणि बदलल्याची तारीख लिहावी आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून मालकाला परत द्यावेत. मालकांनीही ते मागून घ्यावेत, आणि अशा कामाची मजुरी देताना घासाघीस करू नये. चारही चाके खोलून नीट केलेले काम अर्ध्या दिवसाचे आहे, ते तीनशे रुपयांत होत नाही.

शेवटी एक छोटी सूचना. पाचगणीच्या बाजूने पसरणी घाट सुरू होतो तेथे, तसेच यवतेश्वर, केळघर, आंबेनळी आणि कुंभार्ली घाटांच्या माथ्यावर, 'दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल टाकू नका, ब्रेकचा वास आल्यास थांबा' असे मोठ्या अक्षरांतले फलक लावावेत आणि पुढे उतारावर एक-दोन ठिकाणी चार गाड्या उभ्या राहतील एवढी मोकळी जागा आखून द्यावी. तापलेले ब्रेक निवायला अर्धा तास पुरतो, परंतु आज घाटात तेवढा वेळ सुरक्षित उभे राहण्याजोगी जागा शोधावी लागते. आम्हाला ती मिळाली, कारण त्या वळणाला रस्ता रुंद होता.

कळावे.

आपला विश्वासू,
एक वाचक
(निवृत्त निदेशक, मोटार मेकॅनिक व्यवसाय)
गोडोली, सातारा